मे महिन्यासाठी राखलेलं अंतर

मशीन सुरू करा आणि थोडा वेळ कशालाही हात लावू नका. ब्राउझर नको, गाणी नकोत. विंडोज पूर्ण उघडलं, हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला, की तापमान दाखवणारा एखादा छोटा प्रोग्रॅम तेवढा उघडा. कोअर टेम्प चालेल, एचडब्ल्यूमॉनिटर चालेल. मग हात मांडीवर ठेवून नुसते आकडे बघत बसा. वेग वाढवायला बसलेल्या माणसाला ही पहिली पाच मिनिटं जड जातात. जाऊ द्यात. ज्याचा वेग वाढवायचा तो मुळात कसा चालतो, हे बघितल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

समोर इंटेलचा कोअर आय५-२५००के आहे असं धरू या. जानेवारी २०११ मध्ये आलेली ही सँडी ब्रिज पिढी. तिची रचना मुख्यतः इस्रायलमधल्या हैफा इथल्या इंटेलच्या केंद्रात झाली. चार कोअर, ३२ नॅनोमीटरची घडण, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, उष्णतेचा हिशेब ९५ वॅटचा. नावाच्या शेवटी ‘के’ आहे, म्हणजे मल्टिप्लायर मोकळा आहे. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, आणि त्याला कितीने गुणायचं ते बायोसमध्ये आपण ठरवायचं. ३३ ने गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ, ४४ ने गुणलं की ४.४. त्यासाठी बोर्ड मात्र पी६७, झेड६८ किंवा पुढे आलेल्या झेड७७ चिपसेटचा हवा. आपल्याकडे स्वस्त म्हणून घरोघरी बसलेल्या एच६१ बोर्डावर हा गुणाकार वर जात नाही.

आकड्याकडे परत या. काही काम नसेल तर वेग १.६ गिगाहर्ट्झवर उतरलेला दिसेल. रिकाम्या वेळी हा प्रोसेसर आपणहून मंद होतो, व्होल्टेजही कमी घेतो. एखादा फोल्डर उघडा. आकडा क्षणभर वर उडतो आणि परत खाली येतो. ही त्याची सवय लक्षात ठेवा, कारण ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे असा वेग वाढवण्याचं काम, करताना अनेकजण सगळ्यात आधी बायोसमध्ये जाऊन नेमकी हीच सोय बंद करतात. तशी गरज नसते. ४४ चा मल्टिप्लायर ठेवूनही मशीन रिकाम्या वेळी १.६ वर येऊन थांबू शकतं, आणि घरच्या मशीनचा दिवसातला बराचसा वेळ रिकामाच जातो.

आता उष्णतेच्या मागोमाग चालू या. सावकाश, एकेक टप्पा घेत.

तिचा उगम फार लहान आहे. झाकणाखालच्या सिलिकॉनच्या तुकड्याचं क्षेत्रफळ २१६ चौरस मिलिमीटर, साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा जागेतून ९५ वॅट बाहेर पडायचे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ वॅट. स्वयंपाकघरातली १००० वॅटची, १८ सेंटिमीटर व्यासाची इलेक्ट्रिक शेगडी घेतली तर तिथे हा आकडा जेमतेम चार येतो. शेगडीपेक्षा दसपट दाट उष्णता इथे निर्माण होते, आणि तरीही तुकडा लाल होत नाही, ७०–८० अंशांवर राहतो. का राहतो? उष्णतेला जायला वाट दिलेली आहे म्हणून. आपल्याला मनन करायचं आहे ते या वाटेवर. प्रोसेसर वेगात किती जाईल हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

वाटेवरचा पहिला टप्पा सोल्डरचा. सँडी ब्रिजमध्ये सिलिकॉन आणि वरचं झाकण यांच्यामध्ये धातूचं सोल्डर आहे. झाकण तांब्याचं, वर निकेलचा मुलामा. २०१२ मध्ये आलेल्या पुढच्या आयव्ही ब्रिज पिढीत या जागी सोल्डरऐवजी पेस्ट आली आणि ते प्रोसेसर जास्त तापू लागले. हौशी लोक मग झाकणं उघडून आतली पेस्ट बदलू लागले. आपल्या २५००केच्या बाबतीत ती वेळ येत नाही, आणि जुन्या प्रोसेसरमध्ये याला मानाचं स्थान मिळालं त्याचं एक कारण हेच. आतला सांधा अजून घट्ट आहे. वर्षं गेली तरी सोल्डर पेस्टसारखं वाळत नाही.

दुसरा टप्पा झाकण आणि हीटसिंक यांच्यामधला, आणि जुन्या मशीनमध्ये बहुतेक दुखणं इथे असतं. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात, पण त्यांच्यावर बारीक खाचा असतात आणि खाचांत हवा बसते. तांब्यातून उष्णता हवेच्या सुमारे १५,००० पट सहज जाते. म्हणून त्या खाचांतली हवा हुसकून लावायला पेस्ट लावायची. तिचं काम एवढंच. ती स्वतः काही तांब्याची बरोबरी करत नाही, म्हणून थर जितका पातळ तितका चांगला. जुना हीटसिंक काढताना सरळ वर ओढू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. खाली काय दिसतं ते नीट बघा. कडेला पेस्टचा कोरडा, करडा थर साचलेला असतो, नखाने सहज निघतो. मधोमध, जिथे चिप सगळ्यात जास्त तापते, तिथे कधीकधी पेस्ट जवळजवळ उरलेलीच नसते आणि झाकणावरची अक्षरं स्पष्ट वाचता येतात. वर्षानुवर्षं तापून-निवून दोन्ही धातू किंचित हलत राहिले आणि त्यांनी पेस्ट बाहेर ढकलली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड घेऊन ते पुसा. घाई करू नका. मी तर म्हणेन, त्या दिवशी एवढंच करा. बायोस उघडूही नका. नवी पेस्ट लावून पुन्हा आकडे बघा. मूळ वेगातच मशीन काही अंशांनी खाली आलेलं दिसलं, तर ती तुमची पहिली कमाई.

तिसरा टप्पा हीटपाइपचा, आणि इथे थांबावंसं वाटतं. प्रोसेसरच्या डब्यातून आलेला ॲल्युमिनियमचा बुटका हीटसिंक मूळ वेगासाठी पुरतो, वर जायचं तर उंच मनोऱ्यासारखा लागतो. या प्रोसेसरबरोबर अनेकांनी त्या काळी कूलर मास्टरचा हायपर २१२ प्लस लावला. त्याला तांब्याच्या चार नळ्या आहेत, प्रत्येकी सहा मिलिमीटर जाडीची. नळी भरीव नसते, पूर्ण पोकळही नसते. आत भिंतीला सच्छिद्र अस्तर असतं, थोडं पाणी असतं आणि हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते. हवेचा दाब नाही म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला वाफ होते, ती वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन उष्णता पात्यांना देते, आणि अस्तराच्या बारीक छिद्रांतून झिरपत परत खाली येते. पंप नाही, हलणारा भाग नाही. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. तिचा उपयोग पुढे उपग्रहांमध्ये झाला. आता ती तुमच्या टेबलाखाली, तुम्ही हे वाचत असताना, निमूटपणे चालू आहे. डोळे मिटून क्षणभर ते फेरे मनात आणा. वर वाफ, खाली पाणी.

शेवटचा टप्पा हवेचा. पात्यांमधून पंखा हवा ढकलतो, हवा उष्णता घेते आणि कॅबिनेटबाहेर जाते. इथे एक गोष्ट पक्की मनात बसवा. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, उलट जात नाही. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, हीटसिंक कितीही महाग घ्या. हीटसिंक आणि पंखा यांच्या हाती इतकंच असतं की खोलीच्या वर तो किती अंश चढेल. जमीन कुठे आहे हे खोली ठरवते.

हीटसिंकची ताकद मोजायचं एक साधं माप आहे: एका वॅटमागे किती अंश चढ. चिपपासून कॅबिनेटमधल्या हवेपर्यंत सगळे टप्पे मिळून हा आकडा ०.३५ धरू. ९५ वॅट म्हटले तर चढ ३३ अंशांचा. हा झाला मूळ वेगाचा हिशेब. वेग वाढवला की काय होतं? उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला वर्ग हा शब्द सोडून पुढे जाऊ नका. ३.३ चा वेग ४.४ केला तर तो एक-तृतीयांशाने वाढला. पण तिथे स्थिर चालायला प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो. समजा १.२० व्होल्टचे १.३२ झाले. वाढ फक्त दहा टक्क्यांची, पण वर्ग केला की २१ टक्के. दोन्ही गुणले की उष्णता १.६ पटीच्या थोडी वर जाते. ९५ चे १५३ वॅट होतात. एक-तृतीयांश वेगासाठी ६१ टक्के जास्त उष्णता. शिवाय चिप तापली की नुसत्या गळतीने वाया जाणारी वीजही वाढते, ती यात धरलेलीच नाही.

एके काळी हा हिशेब इतका कठोर नव्हता. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत नेला तर त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवता येतं, आणि तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णतेची दाटी वाढत नाही. सुमारे तीस वर्षं उद्योग याच आधारावर वेग वाढवत राहिला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की व्होल्टेज आणखी उतरवलं तर गळती आवरेना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ रद्द केला. त्यानंतर कारखाने एकेका कोअरच्या वेगापेक्षा कोअरच्या संख्येकडे वळले. २०११ चा आपला २५००के याच वळणानंतरचा आहे.

आता खोलीत या. जानेवारीची संध्याकाळ, खोलीत २४ अंश. कॅबिनेटच्या आत हवा पाचेक अंशांनी जास्त, म्हणजे २९. त्यावर १५३ वॅटचा ५३-५४ अंशांचा चढ. बेरीज ८२-८३. चालेल असं वाटतं. आकडे स्थिर आहेत, मशीन बंद पडत नाही, मन खूश होतं. आता तेच मशीन, तीच सेटिंग घेऊन अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात बसा. बाहेर पारा ४५ च्या आसपास, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० अंश. आत ४५. अधिक ५३-५४. बेरीज ९८ वर पोचते, आणि या प्रोसेसरच्या कोअरसाठी कमाल मर्यादा ९८ अंशांचीच आहे. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ४.४ साठी सगळा खटाटोप केला आणि ऐन कामाच्या वेळी मशीन ३ च्या खाली उतरून रांगतंय, असं होऊ शकतं. ओव्हरक्लॉक केलेलं मशीन जानेवारीत तपासून मेपर्यंत निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळे.

या जागी सगळ्यात जास्त वेळ थांबू या. मला या सगळ्यात सांगायचं आहे ते इथे आहे.

कारखान्याने या चिपवर ३.३ लिहिलं. ती ४.४ जाते. मधलं अंतर बघून पहिला विचार येतो तो असा की ही क्षमता वाया जात होती आणि आपण ती सोडवून घेतोय. पण ते अंतर रिकामं नव्हतं. कारखाना एका चिपसाठी वेग ठरवत नाही. एकाच वेफरमधून निघालेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात, काहींना कमी व्होल्टेज पुरतं, काही जास्त मागतात. त्यातल्या कमकुवत चिपलाही तो वेग झेपला पाहिजे, डब्यातल्या बुटक्या हीटसिंकवर झेपला पाहिजे, भिंतीला चिकटलेल्या कॅबिनेटमध्ये, धूळ भरलेल्या पंख्यावर, चाळीस अंशांच्या खोलीत झेपला पाहिजे, आणि काही वर्षांनी ट्रान्झिस्टर थकल्यावरही झेपला पाहिजे. एवढ्या सगळ्यांसाठी राखून जे उरलं ते ३.३. म्हणजे त्या अंतराचा एक भाग चंद्रपूरच्या मे महिन्याचा होता. एक भाग धुळीचा होता. एक भाग या चिपच्या म्हातारपणाचा होता.

आता ज्या भागाची तरतूद तुम्ही स्वतः केलीत, तो भाग तुमचा झाला. चांगला हीटसिंक लावलात, तर बुटक्या हीटसिंकसाठी राखलेलं अंतर तुम्ही वापरू शकता. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढत असाल, तर धुळीसाठी राखलेलंही. तुमची चिप जातीने चांगली निघाली, तर कमकुवत चिपसाठी राखलेलंही. पण खोली चाळीस अंशांची होते आणि तुमच्याकडे त्यावर उपाय नाही, तर मे महिन्याचं अंतर मे महिन्यालाच ठेवा. आपण काय काय सोसू शकतो याची ही यादी मनातल्या मनात, एकेक नाव घेत करा. वेगाचा आकडा नंतर आपोआप येतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांसाठी एक आडवं सांगतो. खोली थंड ठेवायला वाळ्याचा कूलर लावला असेल तर त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. खोलीचं तापमान उतरतं हे खरं, पण दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही. कॅबिनेट वाऱ्याच्या वाटेतून बाजूला सरकवा.

म्हातारपणाचा भाग निराळा, तो थोडा समजून घेऊ. चिपच्या आतल्या तांब्याच्या अतिबारीक तारांतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉनच्या ओघाने धातूचे अणू कणाकणाने सरकत जातात. प्रवाह जितका दाट आणि तापमान जितकं जास्त, तितकं हे सरकणं वेगात. ट्रान्झिस्टरही व्होल्टेज आणि उष्णता यांच्याखाली वर्षं काढून किंचित सुस्त होतो. नवा असताना ज्या व्होल्टेजवर तो वेळेत उघडायचा, त्यावर आता त्याला थोडा उशीर होतो. म्हणजे २०११ साली राखून ठेवलेल्या अंतरातला काही हिस्सा तुमच्या हातात मशीन येईपर्यंत खर्ची पडलेला आहे. त्या काळी कुणी हा प्रोसेसर ४.८ वर चालवला असेल, तर तो आकडा आज तुमच्यासाठी नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या वयाच्या २५००केला ४.२ पुरे, आणि १.३० व्होल्टच्या वर जायचं कारण नाही.

प्रोसेसरच्या शेजारीही नजर टाका. १५३ वॅट १.३२ व्होल्टला म्हणजे शंभरहून जास्त अँपिअर. एसएमपीएसकडून येणाऱ्या १२ व्होल्टचे १.३ करून एवढा प्रवाह पुरवायचं काम सॉकेटभोवतीचे छोटे चौकोनी भाग आणि कॅपॅसिटर करतात. डब्यातला बुटका हीटसिंक खालच्या दिशेने फुंकायचा, त्याचा वारा यांनाही लागायचा. उंच हीटसिंकचा वारा आडवा जातो, यांना लागत नाही. प्रोसेसर थंड आणि बोर्ड तापलेला, असं जुन्या मशीनमध्ये होतं, आणि प्रोसेसरचा आकडा बघणाऱ्याला ते दिसत नाही. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एक साधा पंखा बसवा. एसएमपीएस मूळचाच असेल तर त्याच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवू नका, तोही तेवढाच जुना आहे.

आता आत शिरू, घड्याळापाशी. ३.३ गिगाहर्ट्झला एक ठोका सुमारे ३०३ पिकोसेकंदांचा. ४.४ ला २२७. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा मोकळ्या जागेत जेमतेम सात सेंटिमीटर जातो. एका ठोक्यात विजेच्या इशाऱ्याने एका टोकापासून निघून, वाटेतली ट्रान्झिस्टरची दारं ओलांडून, दुसऱ्या टोकाला वेळेवर पोचायचं असतं. आपण त्याचे ७६ पिकोसेकंद काढून घेतले. बहुतेक वाटा तरीही वेळेत पोचतात. एखादी सगळ्यात लांब वाट असते, तिच्यावरचा इशारा पोचायच्या आत पुढचा ठोका पडतो. त्या जागी १ ऐवजी ० टिपला जातो. व्होल्टेज वाढवलं की दारं लवकर उघडतात म्हणून ते वाढवावं लागतं. चिप तापली की ती उशिरा उघडतात, म्हणून थंडावा हा आयुष्याइतकाच अचूकपणाचाही प्रश्न आहे.

हे चुकणं दिसतं कसं? प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम घ्या. तो मुळात मशीन तपासायला लिहिलेला नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ संख्या शोधायला जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये जो प्रकल्प सुरू केला, त्याचा हा प्रोग्रॅम. लाखो अंकी संख्यांचे गुणाकार तो दशांश अपूर्णांकांच्या रूपात करतो आणि प्रत्येक पायरीला उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणून ठेवतो. उत्तर खरोखर पूर्णांकच यायला हवं असतं, म्हणून फरक अगदी थोडा पडतो. मशीन चुकलं की एक ओळ उमटते. तिचा अर्थ असा: फरक ०.५ आला, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होता. ०.५ म्हणजे बरोबर मधोमध. उत्तर अलीकडच्या पूर्णांकाचं की पलीकडच्या, हे आता सांगताच येत नाही.

ही ओळ दिसली की चिडू नका, तिच्याकडे नीट बघा. मशीन बंद पडलेलं नाही. माउस हलतोय, घड्याळ चालतंय, पडदा निळा झालेला नाही. आणि तरीही आत एक बेरीज चुकली आहे. प्राइम९५ला बरोबर उत्तर कसं असायला हवं ते ठाऊक होतं म्हणून ते पकडलं गेलं. तुमच्या हिशेबाच्या फाइलला ते ठाऊक नसतं. मुलीच्या बारशाचे फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना एक बिट उलटला, तर तेव्हा कुणालाही कळणार नाही. मशीन हँग होणं त्या मानाने बरं, ते निदान ओरडून सांगतं. म्हणून गेम चालतो म्हणजे सेटिंग स्थिर आहे, हे मला पटत नाही. रात्रभर प्राइम९५ चालू द्या. सकाळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदी शोधा. प्रोसेसरने स्वतः पकडून दुरुस्त केलेल्या चुका तिथे लिहिलेल्या असतात. एक जरी नोंद असली तरी ती जागा तुमची नाही. एक पायरी खाली या.

पायऱ्या अशा चढा. मल्टिप्लायर एकाने वाढवा, व्होल्टेज आहे तेच ठेवा, मशीन सुरू करा, अर्धा तास प्राइम९५ लावा, चारही कोअरचे आकडे कागदावर लिहा आणि शेजारी खोलीचं तापमान लिहा. खोलीचं तापमान लिहायला विसरलात तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. मग पुढची पायरी. बोर्डाने दिलेली ‘ऑटो’ व्होल्टेजची सोय वापरू नका, बोर्ड स्वतःच्या सुरक्षिततेसाठी गरजेपेक्षा जास्त देतो आणि त्याचा वर्ग तुमच्या माथी येतो. अमुक मल्टिप्लायरपर्यंत जास्तीचं व्होल्टेज जवळपास मागितलं जात नाही. मग एक जागा अशी येते की प्रत्येक पुढच्या पायरीला ते मोठ्या उड्या घेऊ लागतं. ती जागा प्रत्येक चिपची वेगळी. ती आली की थांबा. तिच्या अलीकडे वेग स्वस्त आहे, पलीकडे महाग.

४.२ वर, १.२५ व्होल्टला, आपल्या हिशेबाने १३१ वॅट होतात. ३४ अंशांच्या खोलीत बेरीज ८५ च्या आसपास, आणि तीही प्राइम९५सारख्या जड कामाला. रोजच्या कामात ती बरीच खाली राहते. यावर मी समाधानी असेन. मिळकत काय? चारही कोअर कामाला लावणारं व्हिडिओचं काम तासाचं साधारण ४७-४८ मिनिटांत उरकेल. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात मात्र मूळचा प्रोसेसरही ३.७ पर्यंत आपणहून जात होता, तिथे फरक साडेतेरा टक्क्यांचाच. आणि जे काम रॅमची किंवा डिस्कची वाट बघत अडलेलं असतं, त्याला काहीच फरक पडत नाही. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. काही गोष्टी वेगाने येतच नाहीत. या पिढीत एव्हीएक्स२ या सूचना नाहीत. एखादा नवा प्रोग्रॅम त्या मागत असेल तर तो ३.३ वरही चालणार नाही आणि ५ वरही नाही.

आणि एक दिशा राहिली. ज्यांच्या खोलीला उन्हाळ्यावर उपाय नाही, किंवा ज्यांच्याकडे मल्टिप्लायर न वाढवणारा बोर्ड आहे, त्यांनी हाच हिशेब उलटा लावून बघावा. बायोसमध्ये व्होल्टेज उतरवायची सोय असेल तर वेग मूळचाच ठेवा आणि व्होल्टेज ०.०२ ने खाली आणा. प्राइम९५ लावा, नोंदी बघा, पुन्हा ०.०२. १.२० चे १.१० झाले आणि तरीही सगळी उत्तरं बरोबर येत असतील, तर उष्णता १६ टक्क्यांनी उतरली. ९५ चे ८० वॅट झाले. चढ पाच अंशांनी कमी झाला. मे महिन्याच्या दुपारी ते पाच अंश मशीनला मिळतात, पंखा हळू फिरतो, बोर्डावरचे कॅपॅसिटर थंड राहतात, आणि वेग तसूभरही कमी होत नाही. एप्रिल लागायच्या आत करा. खोली तापायला लागली की आकडे वाचणं अवघड होतं.